चिली चिकनचं माहेर

शुक्रवारी ऑफिस सुटायच्या आधीच मेसेज फिरायला लागतात, 'आज कुठं?' आणि मग कुणीतरी उत्साही प्राणी 'फ्यूजन' म्हणत एखाद्या चकाचक ठिकाणी घेऊन जातो. तंदुरी पास्ता वगैरे. खाल्लं, बिल पाहिलं, विसरलो! लक्षात राहणाऱ्या जागा वेगळ्याच असतात.

कामासाठी कोलकात्याला गेलो होतो. डोक्यात कोशा मांगशो आणि मिष्टी दोई. पण तिथल्या सहकाऱ्यानं टॅक्सीत घातलं ते थेट टांगऱ्याला. उंच भिंती, लोखंडी फाटकं, अरुंद गल्ल्या. बाहेरून पाहिलंत तर भूकच मरेल. इथं हाक्का चिनी लोकांचे चामड्याचे कारखाने होते. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते शहराबाहेर हलवायला सांगितलं. हॉटेलं मात्र राहिली.

चिली चिकन आलं. सोया सॉस, लसूण आणि डोळ्यांतून पाणी काढणारी हिरवी मिरची. मी बावळटासारखं विचारलं, "चीनमध्येही असंच करतात?" सहकारी पोट धरून हसला. हे सगळं इथल्या जिभेसाठी, इथंच जन्माला आलेलं. आणि मंचुरियन तर आपल्या मुंबईचं! कोलकात्यात वाढलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं. आलं-लसूण-मिरची आपलीच, फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस.

जेवता जेवता विषय ६२ सालावर गेला. चीनशी युद्ध झालं तेव्हा चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानात देवलीच्या छावणीत डांबलं होतं. कितीतरी जण इथंच जन्मलेले. पुढं अनेक कुटुंबांनी देश सोडला, काही कॅनडाला गेली. आज टोरांटोत 'हाक्का' पाटीची हॉटेलं आहेत, आणि मेनूवर काय? चिली चिकन! ज्या देशानं परकं ठरवलं, त्याचीच चव ही माणसं तिकडं घेऊन गेली. माझा घास जरा अडकलाच.

परत आल्यावर ठरवलं, आता ब्रिटानिया. बॅलार्ड इस्टेटमधलं १९२३ सालचं इराणी हॉटेल. तीन वर्षं फोर्टात नोकरी केली, रोज 'उद्या जाऊ' म्हणत डबा खाल्ला! तिथला बेरी पुलाव मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नीनं आणलेला. नोकरीनिमित्त त्या इराणमध्ये राहिल्या होत्या. मूळचा जेरेश्क पोलो तसा सौम्य, यात मुंबईचा मसाला पडला. आंबटगोड बेरी दाताखाली आली की ऑफिस, बॉस, अप्रेझल सगळं माफ. बोमनजी म्हणे स्वतः टेबलापाशी येऊन ऑर्डर घ्यायचे, गप्पा मारायचे. २०१९ मध्ये ते गेले. मी पोचलो त्यानंतर.

टांगऱ्याकडच्या लोकसंख्येचंही तेच, दर पिढीगणिक कमी. तेव्हा कोलकात्याला गेलात तर एक रविवार राखून ठेवा. टिरेटा बाजारात पहाटे चिनी नाश्ता मिळतो, वाफाळते मोमो, फिशबॉल सूप. सहाला पोचा. आरामात उठून, आंघोळ करून गेलात, तर रिकामी भांडी बघून परत यावं लागेल.