कणसीमांची साक्ष

छत्तीसगडच्या शासनाचे केंद्र म्हणून वसविण्यात आलेले नवा रायपूर ज्या चुनखडकांच्या प्रदेशात उभे आहे, तो प्रदेश अतिप्राचीन व अचल समजला जातो. परंतु त्याच्या कवचाखाली असलेले प्रावरण घन असूनही वाहत असते. ही गती वर्षाला काही सेंटिमीटर एवढीच असली, तरी खंडांचे स्थलांतर तिच्याशीच निगडित आहे. घन खडक वाहतो कसा, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी खनिजकणांच्या सीमांत दडलेले आहे.

वरच्या प्रावरणात ऑलिव्हीन हे खनिज विपुल आहे. त्याचे असंख्य स्फटिककण परस्परांस चिकटून खडक बनतो. दोन कण जेथे भिडतात तेथे अणूंची रचना विस्कळित असते, म्हणून अणू त्या वाटेने सुलभतेने सरकतात. दाब अधिक असलेल्या बाजूकडील अणू कमी दाबाच्या बाजूस गेले, की कणाचा आकार बदलतो. १९६३ साली रॉबर्ट कोबल यांनी या क्रियेचे गणित मांडले. त्यानुसार कणाचा व्यास निम्मा झाल्यास विरूपणाचा वेग आठपट होतो.

येथे एक विरोधाभास दिसतो. रायपूरनजीक भिलाई येथे १९५९ मध्ये पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. पोलादाचे कण बारीक केले असता ते अधिक बळकट होते. हॉल व पेच या संशोधकांनी १९५१ व १९५३ मध्ये हा नियम दाखवून दिला. थंड पदार्थात कणसीमा स्फटिकातील दोषरेषांना अडवितात. तप्त प्रावरणात त्याच सीमा अणूंच्या वाटा बनतात. ऑलिव्हीनही कमी तापमानात पोलादासारखेच वागते, असे अलीकडील प्रयोगांत आढळले आहे. एकच सीमा कोठे बंध ठरते, तर कोठे दुर्बलता. पायरॉक्सीनचे कण मिसळलेले असल्यास ऑलिव्हीनचे कण वाढू शकत नाहीत, व असा पट्टा दीर्घकाळ दुर्बल राहतो.

या विचाराचा मैनपूरच्या भूमीशी निकटचा संबंध आहे. पूर्वी रायपूर व २०१२ पासून गरियाबंद जिल्ह्यात मोडणाऱ्या या भागात बेहराडीह व पायलीखंड येथे किंबर्लाइट वर्गाचे हिरकधारी खडक आहेत. बेहराडीहचा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे महाराष्ट्रातील काळ्या पाषाणाच्या लाव्हारसाचा समकालीन आहे. असे खडक दीडशे किलोमीटर वा त्याहून अधिक खोलीवरून गार्नेटसारखी खनिजे, व क्वचित प्रावरणाचे अखंड तुकडेही, वर आणतात. हिरा मिळविण्यासाठी मात्र खडक फोडून त्याचा चुरा करावा लागतो. चुऱ्यातून हिरा हाती येतो, गार्नेटही वेचता येते. परंतु कणांच्या सीमा कायमच्या नष्ट होतात.

प्रयोगशाळेत ऑलिव्हीन तापवून व दाबून पाहता येत असता जुन्या दगडांची गरज काय, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु प्रयोगातील विरूपण प्रावरणापेक्षा सुमारे शंभर कोटी पट वेगाने घडवावे लागते. त्यावरून काढलेले अनुमान निसर्गास लागू पडते की नाही, याची कसोटी निसर्गातील कणसीमाच होत.

म्हणून हिरकशोधात हाती येणारा प्रावरणाचा प्रत्येक अखंड तुकडा भरडण्यापूर्वी वेगळा काढावा, त्याचे ०.०३ मिलिमीटर जाडीचे छेद करून तपासावेत आणि उरलेला भाग संग्रहालयात जतन करावा. या कामास खर्च अल्प लागतो, पण चुरा झालेला दगड पुन्हा घडविता येत नाही. हिऱ्याचे मोल बाजार ठरवितो. या सामान्य हिरवट दगडाचे मोल ओळखणे हे मात्र सुशिक्षित समाजाचे कर्तव्य होय.