पदवीधर मुलं गावात येताहेत. त्यांना नुसतं झेरॉक्सला धाडू नका



पर्यावरणशास्त्र शिकलेली मुलं-मुली हल्ली खेड्यात येऊ लागली आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य आणि कार्यप्रशिक्षणाला स्थान मिळाले. काही जण एखाद्या संस्थेमार्फत बिनपगारी स्वयंसेवक म्हणून येतात. २०२४ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तीत पदवीधराला दरमहा १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. मुदत आधी सहा महिने होती, २०२५ मध्ये ती ११ महिने झाली.

आता ही मुलं आली, तर त्यांना काम काय द्यायचं? पुष्कळदा उत्तर ठरलेलं असतं. दाखले लिहा, झेरॉक्स आणा, संगणकात माहिती भरा. शिकलेलं माणूस दारात आलं आणि आपण त्याच्याकडून खर्डेघाशी करून घेतली, यात नुकसान कुणाचं? त्याचं थोडं, गावाचं जास्त!

त्यांच्या शिक्षणाला साजेसं एक काम कायद्यानेच गावाकडे दिलेलं आहे. ते म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने गावपातळीवर समिती नेमायला सांगितली. गावकऱ्यांशी बोलून नोंदवही करणे, हे त्या समितीचे मुख्य काम. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, तरी समिती आणि नोंदवही कायम आहे. व्यापारासाठी कोणी गावच्या हद्दीतील वनस्पती वा अन्य जैविक संपत्ती नेत असेल, तर शुल्क आकारण्याची तरतूदही मूळ कायद्यात आहे. पण काय आहे हेच लिहिलेलं नसेल, तर मागणार कशाच्या जोरावर?

तुम्ही म्हणाल, आमची नोंदवही तर झाली आहे. झाली असेल. पण कशी झाली ते आठवा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि चुकणाऱ्या राज्याला दरमहा १० लाख रुपयांचा भुर्दंड सांगितला. मग धावपळ उडाली. देशात नोंदवह्यांचा आकडा दोन लाखांच्या पुढे गेला. घाईत लिहिलेल्या वहीत आपल्या गावचं किती आणि शेजारच्या गावाची नक्कल किती, हे गावानेच तपासायचं आहे.

इथे ही मुलं कामाला येतात. त्यांना झाडाचं शास्त्रीय नाव ठाऊक असतं, नकाशा काढता येतो, शासन निर्णय वाचता येतो. पण टाकळा, कुर्डू, करटुली कोणत्या बांधावर आणि कोणत्या नक्षत्रात मिळते, हे आपल्या आया-बहिणींनाच माहीत. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण गावरान बियाणं जपलं म्हणून २०२० ची पद्मश्री त्यांना मिळाली. असं जाणतं माणूस प्रत्येक गावात एखादं तरी सापडेल. पदवीधराने त्याच्यापुढे बसून लिहून घ्यावं.

गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने हे फार पूर्वी ओळखलं. तिथे गावकरी आणि बाहेरचे जाणकार अभ्यासगटात एकत्र बसून कायदा आणि जंगल समजून घेत, निर्णय मात्र ग्रामसभा घेई. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे ही तयारी होती.

म्हणून सरपंच, एवढं करा. मुलं येताच जुनी वही त्यांच्या हातात द्या. वाडीवार फिरायला समितीतला एक माणूस आणि एक जाणती बाई सोबत द्या. औषधी झाडपाल्याची माहिती सांगणाऱ्याच्या संमतीशिवाय लिहू नका. शेवटी सगळी वही ग्रामसभेत मोठ्याने वाचा, चुका तिथेच दुरुस्त करा आणि एक प्रत पंचायतीत ठेवा. बिनपगारी मूल असेल, तर त्याच्या जेवणाची आणि राहण्याची सोय गावाने करावी. फुकट राबवून घेणं आपल्या गावाला शोभत नाही.

मुलं चार-सहा महिन्यांनी निघून जातील, वही मात्र गावात राहील. ती खरी की खोटी, हे उद्या आपल्याच नातवंडांना कळणार आहे.