विश्लेषण : एक वाहिनी बंद पडली, तर ग्रीड का कोसळते?

देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगरजीवाश्म स्रोतांचा वाटा २०२५ मध्ये निम्म्यावर पोहोचला. सौरऊर्जा वाढत असताना ग्रीडच्या स्थैर्याचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याच्या मुळाशी आहे जनित्राचा ‘पॉवर अँगल’.

पॉवर अँगल म्हणजे काय?

एका ग्रीडमधील सर्व जनित्रे एकाच तालात फिरतात. वीज देणाऱ्या जनित्राचा रोटर मात्र ग्रीडच्या किंचित पुढे असतो. हा फरक म्हणजे पॉवर अँगल. भार वाढला की कोन वाढतो. मात्र साधारण ९० अंशांनंतर कोन वाढूनही वीज कमीच जाते. टर्बाइनचा जोर तसाच राहिल्याने रोटर वेग घेतो आणि ताल सुटतो.

२०१२ मध्ये काय घडले?

उत्तरेकडील राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज उचलत होती आणि काही वाहिन्या आधीच बंद होत्या. ३० जुलैला पहाटे २.३३ वाजता ४०० केव्हीची बिना-ग्वाल्हेर वाहिनी बंद पडली. तिच्यात बिघाड नव्हता. अतिभारालाच संरक्षक रिलेने बिघाड समजले. पश्चिमेची वीज मग पूर्व भारतामार्गे उत्तरेकडे वळली. मार्ग लांबला, कोन वाढला आणि उत्तर ग्रीड कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच वाहिनी पुन्हा बंद पडली. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रीड कोसळून ६० कोटींहून अधिक लोकांना फटका बसला.

महाराष्ट्र कसा वाचला?

पश्चिम ग्रीड वेगळे झाले. येथे अचानक वीज जास्त होऊन वारंवारता वाढली. पण काही जनित्रे बंद पडल्याने तोल सावरला. दक्षिण ग्रीड तेव्हा एकाच तालात जोडलेले नव्हते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने तेही जोडले गेले. त्यामुळे मदत मिळणे सोपे झाले, तसाच धक्का दूरवर पोहोचण्याचा धोकाही वाढला.

आता आव्हान कोणते?

सौर प्रकल्पात फिरणारा जड रोटर नसतो. त्यामुळे ग्रीडचे जडत्व घटते आणि धक्क्यानंतर सावरायला कमी वेळ मिळतो. सिंक्रोनस कंडेन्सर, बॅटरी आणि ग्रीडला आधार देणारे इन्व्हर्टर हे त्यावरचे उपाय. वेगवेगळ्या ठिकाणचा कोन सेकंदाला अनेकदा मोजणारी उपकरणे धोक्याची सूचना आधी देऊ शकतात. मात्र राजस्थानसारख्या राज्यांतील सौरवीज दूरच्या शहरांपर्यंत न्यायची, तर प्रकल्पांच्या वेगाने पारेषण वाहिन्याही उभ्या राहाव्या लागतील. २०१२ मध्ये पश्चिमेकडे वीज होती. ती उत्तरेकडे नेणारे पुरेसे मार्ग नव्हते.