बुडीत खाती धरलेला खेळाडू

२०२१ च्या जानेवारीअखेरीस अमेरिकेतील दोन फुटबॉल संघांमध्ये एक अदलाबदल ठरली. तिचा मसुदा कोणत्याही पेढीवरील जाणत्या मुनिमाला वाचताक्षणी उमगला असता. लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाने डेट्रॉईटच्या लायन्स संघाकडून मॅथ्यू स्टॅफर्ड हा खेळाडू घेतला. बदल्यात आपला जॅरेड गॉफ दिला आणि शिवाय नवोदित खेळाडू निवडण्याचे तीन हक्क दिले, त्यांतील दोन पहिल्या फेरीचे. दोघेही एकाच जागी खेळणारे. मग वरची ही भर कशासाठी? काही भाग स्टॅफर्डच्या अधिक मोलाचा होता हे खरे. पण उरलेला भाग गॉफला आणि त्याच्या महागड्या कराराला ठेवून घेण्याचा मोबदला होता, असेच बहुतेकांनी मानले. पडून राहिलेला माल उचलून नेणाऱ्याला आपणच गाडीभाडे द्यावे, तसा हा व्यवहार. गॉफ तेव्हा अवघा सव्वीस वर्षांचा होता.

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की पायाने खेळायचा खेळ डोळ्यांसमोर येतो. अमेरिकन फुटबॉल निराळा. चेंडू अंडाकृती, मैदान शंभर यार्डांचे, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्याची अट. ती पुरी झाली तर पुन्हा चार प्रयत्न. नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे. चढाई करणाऱ्या अकरा जणांत क्वार्टरबॅक हा कारभारी. चेंडू हाती आल्यापासून अडीच-तीन सेकंदांत त्याने ठरवायचे असते, की तो दूर फेकावा, शेजारच्याच्या हाती द्यावा, की कवटाळून धरून मार सोसावा. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गड्यांची भिंत असते. ती किती वेळ तग धरते यावर त्याचे शहाणपण पुष्कळसे अवलंबून असते. मात्र जिंकल्यावर हार त्याच्या गळ्यात आणि हरल्यावर खापर त्याच्याच माथ्यावर, हा तेथील शिरस्ता आहे.

गॉफची पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. २०१६ मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत तो देशात पहिला निवडला गेला आणि पहिल्या वर्षी ज्या सात सामन्यांची सुरुवात त्याने केली, ते सातही संघ हरला. पुढच्या वर्षी शॉन मॅकव्हे हे तीस वर्षांचे मुख्य प्रशिक्षक आले आणि चित्र पालटले. २०१८ च्या हंगामात संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो १३–३ असा हरला. त्याच वर्षी संघाने गॉफशी चार वर्षांचा १३ कोटी ४० लाख डॉलरचा वाढीव करार केला, त्यांतील ११ कोटी हमीचे. आणि त्यानंतर दीड वर्षाच्या आत त्याला दुसऱ्याच्या पदरात घातले. त्याच्यावरचा मुख्य आक्षेप असा, की हा स्वतः विचार करीत नाही. क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात रेडिओ असतो आणि खेळाच्या घड्याळात १५ सेकंद उरेपर्यंत प्रशिक्षक त्याच्याशी बोलू शकतात. टीकाकार म्हणत, मैदान मॅकव्हे वाचतात आणि गॉफ फक्त हात चालवतो.

तो ज्या गावी जाऊन पडला, त्या डेट्रॉईटची कथा याहून करुण. लायन्सचे शेवटचे अजिंक्यपद १९५७ चे. त्यानंतर बाद फेरीत, म्हणजे तेथील भाषेत प्लेऑफमध्ये, त्यांनी एकच सामना जिंकला होता, तो जानेवारी १९९२ मध्ये. २००८ मध्ये संघ सोळाच्या सोळा सामने हरला. त्या बळावर पुढच्या वर्षी पहिल्या निवडीचा हक्क मिळाला आणि स्टॅफर्ड आला. २००९ च्या जूनमध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. २०१३ मध्ये खुद्द डेट्रॉईट शहराने तोच मार्ग धरला. अशा गावाला रविवारच्या सामन्याखेरीज आशेला दुसरे ठिकाण नसते. स्टॅफर्डने तिथे बारा वर्षे काढली. २०११ मध्ये त्याने ५,०३८ यार्डांचे पास दिले. पण बाद फेरीतील एकही विजय त्याच्या नावावर लागला नाही. रॅम्सकडे गेला आणि पहिल्याच हंगामात, १३ फेब्रुवारी २०२२ रोजी, २३–२० असा विजय मिळवून जगज्जेता झाला!

डेट्रॉईटकरांनी यातून काय काढावे? माणूस सोन्याचा होता, दुकानच वाईट होते, हा एक निष्कर्ष. तो मान्य केला तर मग गॉफबद्दलही थांबून पाहायला हवे होते. पण तेवढा धीर कोणाला! त्याच्या पहिल्या वर्षी लायन्सने तीन सामने जिंकले, तेरा हरले, एक बरोबरीत सुटला. २०२२ चा आरंभ एक विजय आणि सहा पराभव असा झाला. नवा क्वार्टरबॅक कोणता घ्यावा याची गणिते गावभर मांडली जाऊ लागली. नंतरच्या दहांपैकी आठ सामने संघाने जिंकले. त्या नोव्हेंबरपासून २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत गॉफने सलग ३८३ पास असे दिले, की त्यांतील एकही प्रतिपक्षाच्या हाती पडला नाही. ज्याला विचार करता येत नाही म्हणून काढून टाकले, त्याचा हा हिशेब.

मग १४ जानेवारी २०२४ ची रात्र आली. बाद फेरीचा सामना, डेट्रॉईटचे फोर्ड फील्ड मैदान, आणि प्रतिपक्षात रॅम्स, म्हणजेच स्टॅफर्ड. ज्याने बारा वर्षे या गावासाठी अंग ठेचून घेतले, त्याचीच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि गॉफच्या नावाचा गजर केला. (हे मला रुचले नाही, पण जमावाकडून कृतज्ञतेची वसुली करता येत नाही.) लायन्स २४–२३ असे जिंकले. गॉफने २७ पैकी २२ पास अचूक दिले, आणि शेवटची मिनिटे सरत असताना अमॉन-रा सेंट ब्राउनकडे दिलेल्या एका पासने घड्याळ आपल्या ताब्यात ठेवले. स्टॅफर्डने त्या रात्री त्याच्यापेक्षा अधिक यार्ड कमावले होते, हेही नोंदवून ठेवावे. बत्तीस वर्षांनी गावाला बाद फेरीचा विजय मिळाला होता.

येथून वादाला खरे तोंड फुटले, आणि तो अजून मिटलेला नाही. एक पक्ष म्हणतो, गॉफ वाढला. दुसरा म्हणतो, गॉफ होता तिथेच आहे. त्याच्या भोवतीची भिंत उत्तम झाली आणि चढाईची आखणी करणारे साहाय्यक प्रशिक्षक बेन जॉन्सन बुद्धिमान निघाले. २०२४ च्या मे महिन्यात क्लबने त्याच्याशी चार वर्षांचा २१ कोटी २० लाख डॉलरचा करार केला, तेव्हा या वादाला पैशाचीही धार आली. या लीगमध्ये प्रत्येक संघाने खेळाडूंवर किती खर्च करावा याला कमाल मर्यादा असते. २०२५ साली ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. एका खेळाडूला वर्षाला सरासरी ५ कोटी ३० लाख द्यायचे, तर ते भिंतीच्या विटांतूनच कमी करावे लागणार. म्हणजे गॉफचे श्रेय त्याचे स्वतःचे आहे की भिंतीचे, हा प्रश्न गप्पांपुरता उरला नाही. तो भांडवल कोठे गुंतवावे याचा झाला.

माझा भाचा मिशिगनमध्ये मोटारींच्या सुट्या भागांच्या कंपनीत नोकरीला आहे. २०२५ च्या जानेवारीत मी त्याच्याकडे होतो. लायन्सने तो हंगाम पंधरा विजय आणि दोन पराभव असा पुरा केला होता. सप्टेंबरअखेरीस सिअ‍ॅटलविरुद्ध गॉफने १८ पैकी १८ पास पोहोचवून विक्रम केला होता. यंदा अंतिम फेरी ठरलेलीच, अशा विश्वासाने १८ जानेवारीला शेजारचे एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ सामना पाहायला आले. हयात मोटार कारखान्यात गेलेली. १९५७ चा जल्लोष त्यांना वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेला आठवत होता. वॉशिंग्टनकडे जेडन डॅनियल्स हा पहिल्याच वर्षाचा तरुण क्वार्टरबॅक होता. गॉफचे तीन पास प्रतिपक्षाच्या हाती गेले, त्यांतील एक तर त्यांनी थेट धावत नेऊन गुण केले. शिवाय एकदा चेंडू त्याच्या हातून सुटला. लायन्स ४५–३१ असे हरले.

भाचा हताश होऊन म्हणाला, “मामा, मोठ्या सामन्यात हा कच खातो. कागदावर काही असो, मूळ स्वभाव जात नाही.” त्या वृद्ध गृहस्थांनी मान हलवली. त्यांचे म्हणणे असे, की बचावफळीतले निम्मे गडी जायबंदी होऊन घरी बसले आहेत, समोरच्याने ४५ गुण केले, मग एकट्या क्वार्टरबॅकने काय काय सांभाळावे? भाचा ऐकेना. त्याने मला विचारले, “तुम्ही जन्मभर कर्जे तपासलीत, तुम्ही सांगा, या खात्याची वर्गवारी काय करायची?”

प्रश्न थट्टेचा होता, पण मी तो विसरलो नाही. कर्जविभागात एक शिस्त असते. खाते थकले की प्रथम पाहायचे, धंदा मोडला आहे की धंद्याभोवतीची परिस्थिती. ऋणको तोच, दुकान तेच. पण समोरचा रस्ता खणून ठेवला म्हणून गिऱ्हाईक आटले, तर त्याला बुडीत म्हणता येत नाही. उलट, रस्ता झाल्यावर गल्ला भरू लागला म्हणून मालक एकाएकी हुशार झाला असेही म्हणता येत नाही. वाढ झाली की नाही हे ठरवायचे, तर परिस्थिती तीच ठेवून वागणे बदलले का, एवढे पाहायचे.

त्या कसोटीवर गॉफ उतरतो, असे माझे मत आहे. एका मर्यादेत. भिंत कोसळली की पळून, हुलकावण्या देऊन डाव सावरणे त्याला लॉस एंजेलिसमध्ये जमत नव्हते आणि आजही जमत नाही. वॉशिंग्टनविरुद्ध तेच उघडे पडले. परंतु भिंत उभी असताना तो जे करतो, त्यात फरक पडला आहे. निर्णय लवकर होतो, हट्टाचा पास कमी झाला आहे. आणि मन विस्कटण्याची जुनी खोड गेली आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात ह्यूस्टनमध्ये त्याचे पाच पास प्रतिपक्षाकडे गेले. पाच! त्यानंतरही तो फेकत राहिला आणि संघाने सामना २६–२३ असा जिंकला. २०१९ च्या अंतिम सामन्यातील भांबावलेला तरुण हा नव्हे.

बाद फेरीच्या एका सामन्यावरून माणसाची किंमत ठरवण्याला मात्र माझा विरोध आहे. २८ जानेवारी २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध लायन्स मध्यंतराला २४–७ असे पुढे होते आणि ३४–३१ असे हरले. त्या पडझडीत हातात आलेले झेल सहकाऱ्यांनी सोडले, एकाच्या हातून चेंडू निसटला, आणि प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांनी किक मारून तीन गुण घेण्याचा पर्याय दोनदा नाकारला. प्रतिपक्षाचा एक लांब पास तर लायन्सच्या बचावपटूच्या शिरस्त्राणावर आपटून उडाला आणि प्रतिपक्षाच्याच हाती पडला. यातले गॉफच्या नावे काय टाकणार? तरी वर्षाच्या वहीत ओळ एकच: हरला.

वाढ खरी असूनही माणूस जागा गमावतो, याचेही उदाहरण याच खेळात आहे. अ‍ॅलेक्स स्मिथ हा २००५ चा पहिला निवडलेला खेळाडू. सुरुवातीच्या वर्षांत त्याच्यावरचे चढाईचे प्रशिक्षक जवळजवळ दरसाल बदलत गेले; त्यानंतर तो स्थिरावला, कॅन्सस सिटीला गेला, आणि २०१७ मध्ये पासिंगच्या गुणांकनात लीगमध्ये पहिला आला. त्याच हंगामात बाद फेरीत संघ २१–३ अशा आघाडीवरून २२–२१ असा हरला आणि स्मिथला वॉशिंग्टनला पाठवले गेले. त्याच्यामागे वर्षभर बाकावर बसलेला मुलगा पॅट्रिक माहोम्स होता. त्याने पुढे काय केले हे जगाला ठाऊक आहे. म्हणून ‘आता बदला’ म्हणणाऱ्या माझ्या भाच्याला मी अडाणी म्हणत नाही. फक्त असा माहोम्स घरात असावा लागतो. तो डेट्रॉईटच्या बाकावर नाही.

त्या जुन्या अदलाबदलीचा ताळेबंद आता मांडता येतो. रॅम्सला अजिंक्यपद मिळाले, त्यांची तक्रार असूच नये. पण अजिंक्यपदानंतरच्या वर्षी ते बारा सामने हरले आणि त्यांनी देऊन टाकलेला २०२३ चा निवडीचा हक्क एकदम मौल्यवान ठरला, मुदतीच्या हुंडीचे मोल मुदत भरताना वाढावे तसा. लायन्सने तो पुढे बदलून जमायर गिब्ज आणि सॅम लापोर्टा हे दोन मोहरे मिळवले. आणि व्यवहारात वजनासारखा टाकलेला गॉफ शिल्लक राहिला तो वेगळाच.

२०२५ चा हंगाम सप्टेंबरात सुरू झाला. गॉफने त्या ऑक्टोबरात एकतिसावे वर्ष पूर्ण केले. भिंतीचा मधला खांब असलेला फ्रँक रॅग्नो त्याआधी जूनमध्ये निवृत्त झाला होता. बेन जॉन्सन शिकागोच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होऊन गेले, आणि शिकागो हा लायन्सच्या गटातलाच संघ. वर्षातून दोनदा गाठ पडायचीच. श्रेय कोणाचे या प्रश्नाला इतकी स्वच्छ परीक्षा क्वचितच मिळते: माणूस तोच, आधार काढून घेतलेले. माझा अंदाज असा होता, की लायन्स पंधरा विजयांपर्यंत पोहोचणार नाहीत, आणि बाद फेरीची आशा धरायची ती रॅग्नोच्या जागी उभा राहणारा कसा निभावतो यावर. १४ सप्टेंबरला जॉन्सन आपला नवा संघ घेऊन फोर्ड फील्डवर आले. भाच्याने दोन तिकिटे काढली होती. दुसरे त्या शेजारच्या गृहस्थांसाठी.