दाखल्याला तिसरा रकाना हवा

डोळ्याचे ऑपरेशन म्हटले की आपल्याकडे मोतीबिंदूच! 'आमचे अण्णा चौथ्या दिवशी पेठेत हिंडत होते, सर. तुम्ही महिनाभर घरात?' हा प्रश्न मला पालकांपासून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपर्यंत सर्वांनी विचारला. मोतीबिंदूत गढूळ झालेले भिंग बदलतात. माझा सुटला होता तो मागचा पडदा, दृष्टिपटल. तो चिकटून बसावा म्हणून डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला आणि कित्येक दिवस मान खाली घालून बसवले. (हेडमास्तरांची मान खाली, याची स्टाफरूममध्ये काय करमणूक झाली ती मी ऐकून आहे.)

हा वायू विरायला, त्याच्या प्रकारानुसार, दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत लागतात. तोवर डोळ्यापुढे गवंड्याच्या पाणसळीसारखी रेघ हलत राहते. अंतराचा अदमास चुकतो, जिन्याची शेवटची पायरी सापडत नाही. शिवाय आपल्या भागाचे म्हणून एक संकट आहेच. गोव्यात ऑपरेशन झालेल्याने, बुडबुडा असेतो, डॉक्टरांना विचारल्याविना चोर्ला घाट चढून बेळगावला येऊ नये. बेळगाव अडीच हजार फुटांवर. वर हवेचा दाब उतरतो, आतला वायू फुगतो, डोळ्यावरचा ताण वाढतो आणि वाचवलेली दृष्टी जाऊ शकते.

हे कचेरीला सांगायचे कोठे? दाखल्यात शब्द दोनच: फिट किंवा अनफिट. मी तोंडी शिकवू शकत होतो, उत्तरपत्रिका तपासू शकत नव्हतो. याला त्या कागदावर जागा नाही! मग शिक्षक एक तर घरी बसून राहतो, नाही तर बिनपगारी रजेच्या धास्तीने 'फिट' लिहून आणतो.

ही धास्ती आधीपासूनच घात करते. डोळ्यापुढे विजा चमकतात, काळे ठिपके उडतात, कडेने सावली सरकते. तरी मास्तर म्हणतात, सहामाही होऊ दे. पडद्याचा मध्यभाग सुटण्याआधी ऑपरेशन झाले तर नजर पुष्कळ वाचते. पण पेपर तपासून होईस्तोवर तो सुटलेला असतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० सरकारी आस्थापनांना बजावते की, नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्याला काढू नका, खालच्या पदावर ढकलू नका. उत्तम. पण जो बरा होतो आहे, त्याच्या मधल्या दोन महिन्यांचे काय?

मी आमच्या शाळेच्या नमुन्यात तिसरा रकाना घालून दिला आहे: कोणते काम जमेल, कोणते नाही, कोणत्या तारखेपर्यंत. संस्थेने तो 'पुढील सभेत' ठेवला. अशा तीन सभा झाल्या.