पाहुणा गायक आणि साथीला पिंक फ्लॉइड

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात पुण्या-मुंबईहून गायक येतात, तेव्हा तबला-पेटीची साथ बहुधा गावातलेच कोणी करतात. गर्दी होते ती पाहुण्यांच्या नावावर. रॉकच्या बाजारातही तसेच. गाणे खपावे म्हणून नामवंत पाहुणा बोलावतात. ८ एप्रिल २०२२ रोजी आलेल्या पिंक फ्लॉइडच्या 'हे हे राइज अप' या गाण्यात मात्र उलटे घडले. जगभर नाव होते ते साथीदारांचे. गायक आंद्री ख्लिव्न्युक युक्रेनमध्ये घरोघरी माहीत, पण बाहेर त्याला ओळखणारे थोडेच.

युद्ध सुरू होऊन दीड महिनाही झाला नव्हता. ख्लिव्न्युकचा 'बूमबॉक्स' बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. तो दौरा सोडून हा मायदेशी परतला, संरक्षण दलात दाखल झाला आणि कीव्हच्या सोफिया चौकात, खांद्याला बंदूक, एक जुने गीत गायला. सोबत एकही वाद्य नाही. पहिल्या महायुद्धातल्या युक्रेनी सैनिकांचे हे गीत. सोव्हिएत राजवटीत त्यावर बंदी होती. ती चित्रफीत इन्स्टाग्रामवरून डेव्हिड गिल्मोरपर्यंत पोहोचली. त्याची सून युक्रेनची, त्यामुळे युद्ध त्याच्या घरातच आलेले.

त्याने तोच आवाज घेतला, शब्द युक्रेनीच ठेवले आणि त्याभोवती गिटार रचली. ड्रमवर निक मेसन, बासवर गाय प्रॅट आणि कीबोर्डवर आपल्या भारतीय वंशाचा नितीन साहनी! १९९४ च्या 'द डिव्हिजन बेल'नंतर या बँडने नवे म्हणावे असे काही केले नव्हते. (२०१४ चा अल्बम बहुतांशी जुन्याच ध्वनिमुद्रणांतून उभा राहिलेला.) उत्पन्न युक्रेनमधल्या मदतकार्याला दिले.

गंमत अशी, की २०१५ मध्ये लंडनच्या एका कार्यक्रमात बूमबॉक्सने गिल्मोरला साथ केली होती. व्हिसाच्या अडचणीमुळे ख्लिव्न्युक तेव्हा येऊ शकला नव्हता. म्हणजे दोन्ही वेळा तो तिथे नव्हताच.

या गाण्यावर सर्वांत बोचरी टीका केली ती बँडचाच जुना सहकारी रॉजर वॉटर्स याने. २०२३ मध्ये एका जर्मन वृत्तपत्राला त्याने सांगितले, की अशा गाण्याने युद्ध लांबते. आक्षेप अगदीच पोकळ नाही. गीत सैनिकांचेच आहे, शांतिपाठ नव्हे. तरीही मला तो पटत नाही. गिल्मोरने कोणाच्या हाती बंदूक दिली नाही. ती हाती आल्यावरच तो माणूस गायला होता, आणि आपले गाणे इंग्लंडमधला कोणी ऐकेल हे त्याच्या गावीही नसावे.

गिल्मोरने फोन केला तेव्हा ख्लिव्न्युक तोफगोळ्याच्या तुकड्याने जखमी होऊन रुग्णालयात होता. गिल्मोरने गाण्याचा थोडा भाग फोनवरच ऐकवला. त्याने होकार दिला.