आम्ल आणि रेटिनॉल एकाच रात्री नको

चेहरा लवकर उजळावा म्हणून आधी ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक आम्लाचे सीरम लावायचे आणि त्यावरच रेटिनॉलचे क्रीम चोळायचे, ही सवय तरुणांत दिसू लागली आहे. दोन्ही घटक गुणकारी आहेत. घातक आहे ती घाई.

आम्ले त्वचेच्या वरच्या थरातील मृत पेशींची पकड सैल करतात, तर रेटिनॉइड नव्या पेशी तयार होण्याचा वेग वाढवतात. दोन्हींचा मारा एकदम झाला की त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे होते. चेहरा लाल होतो, आग होते, सालपटे निघतात. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर अशा दाहानंतर काळे डाग उमटतात आणि ते अनेक महिने हटत नाहीत. जे घालवायचे, तेच पदरी पडते.

सुरुवात एकाच घटकाने करावी. रेटिनॉइड आठवड्यातून २ रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढेच लावावे. महिना-दीड महिन्यात ते सोसले, तर आम्ल वेगळ्या रात्री, आठवड्यातून एकदा. उरलेल्या रात्री फक्त मॉइश्चरायझर आणि रोज सकाळी किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन. आग होऊ लागल्यास दोन्ही थांबवावे. गर्भवतींनी व गर्भधारणेचा विचार करणाऱ्यांनी रेटिनॉइड टाळावे.

फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. शिवाय ट्रेटिनॉइन हे प्रसाधन नव्हे, औषध आहे. ते मैत्रिणीच्या शब्दावर घेऊ नये आणि औषधविक्रेत्यांनीही चिठ्ठीशिवाय देऊ नये.